जावाची मडगार्डं, त्यांच्यासाठी घडवलेला डाय आणि भोसरीतला एक गाळा

पुण्यात मडगार्ड ठोकून सरळ करणारे डेंटर गल्लोगल्ली आहेत. नाना पेठेत तयार मडगार्डं मिळतात, मोबाइलवर मागवली तर घरपोचही येतात. पण गिऱ्हाइकाच्या मडगार्डाचा छेद, म्हणजे ते आडवं कापलं तर दिसेल तो आकार, मोजायचा, त्या छेदाचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी ठोकळा, आधी बनवायचा आणि मग पॉवर हॅमरवर, म्हणजे मोटरवर चालणाऱ्या हातोड्यावर, पत्रा घडवायचा, असं काम करणारी माणसं मला या शहरात एकाच ठिकाणी भेटली. भोसरी एमआयडीसीत दोघांचा गाळा आहे. बाहेर पाटी नाही. नाव छापू नका असं त्यांनीच सांगितलं, कारण हातातलंच काम पुरून उरतं. जुन्या दुचाक्यांत रमणाऱ्या कोणालाही विचारलंत तर पत्ता मिळेल.

मी टूलरूमचा माणूस. चिंचवडच्या कारखान्यात प्रेस टूल, जिग आणि फिक्स्चर, म्हणजे उत्पादनाला लागणारे साचे आणि पकडी, करण्यातच नोकरी संपली. त्यामुळे हा अभिप्राय मडगार्डांपेक्षा डायबद्दल जास्त होणार आहे. माझ्या मते या गाळ्याची खरी किंमतही तिथेच आहे.

गाडी १९६० च्या दशकातली जावा २५०, म्हैसूरच्या आयडियल जावाची. तिथे १९६१ मध्ये उत्पादन सुरू झालं, १९७३ पासून त्याच गाड्या येझदी नावाने निघू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. म्हणजे कारखान्याचा मूळ भाग कोरा मिळण्याची आशा नाही. या गाडीला १६ इंची चाकं आणि बाजूंनी खोल उतरलेली मडगार्डं. ती बिघडली की जावा जावा दिसत नाही. माझ्या गाडीच्या मागच्या मडगार्डावर आधीच्या मालकाने लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, थापली होती. ती खरवडली तेव्हा खालचा वीतभर पत्रा गंजून जाळी झालेला निघाला. पुढचंही त्याच वाटेवर होतं.

आधी बाजारातून तयार जोड आणला. पत्रा पातळ, माथ्यावरची गोलाई सपाट पडलेली, खांदा, म्हणजे माथा बाजूकडे वळतो ती जागा, मूळ जागेपेक्षा खाली. लांबून बघणाऱ्याला चालून जाईल, पण चाकावर धरलं की टायर आणि मडगार्डामधली फट पुढे एक आणि मागे दुसरी. परत केला. दुकानदाराने कुरकुर न करता पैसे दिले, ही चांगली गोष्ट.

हे काम अवघड का, ते हिशेबाने सांगतो. १६ इंची रिम, त्यावर सव्वातीन इंची टायर, म्हणजे चाकाची त्रिज्या साधारण २८५ मिमी. मोकळी जागा सोडली तर मडगार्डाचा माथा ३२० मिमी त्रिज्येवर येतो. बाजू ९० मिमी खाली उतरते असं धरा, म्हणजे खालची कड २३० वर. मडगार्ड चाकाभोवती दीडशे अंश फिरतं असं धरलं, तर माथ्यावरून मोजलेली लांबी ८३८ मिमी आणि कडेवरून मोजलेली फक्त ६०२ मिमी. एकाच पत्र्यात २३६ मिमीचा फरक. सपाट पट्टी रोलरमधून काढून हा फरक येत नाही. मधला पत्रा ताणून लांब करावा लागतो, कडेचा आकसवून आखूड करावा लागतो, आणि दोन्ही अशा बेताने की पत्रा फाटू नये आणि चुणी दुमडून बसू नये. कारखान्यात हे प्रेसमध्ये डाय आणि पत्र्याची कड दाबून धरणारा ब्लँक होल्डर लावून काही ठोक्यांत होतं, पण तो खर्च हजारो नगांवर वाटायचा असतो. दोन नगांसाठी हातोडा आणि वाळूची पिशवी, नाहीतर पॉवर हॅमर.

पॉवर हॅमर ही नवी गोष्ट नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एम्सबरी गावात बग्ग्या बनायच्या, तिथल्या पेटिंगेल कंपनीचे हॅमर आणि क्लीव्हलंडच्या योडरचे हॅमर यांवर मोटारींची मडगार्डं घडत होती. मोठे प्रेस आले आणि हे हॅमर कोपऱ्यात गेले. आता जुन्या गाड्या जपणाऱ्यांनी ते पुन्हा बाहेर काढले आहेत. आपल्याकडे डेंटरने हे काम कायम हातानेच केलं, रुळाच्या तुकड्यावर आणि जुन्या टायरवर. त्यांच्यातल्या चांगल्यांबद्दल मला फार आदर आहे. या गाळ्यातले थोरले मिस्त्री त्याच शाळेतले आहेत. धाकटा भागीदार डिप्लोमा झालेला, मशीन त्याने बांधलं.

मशीन बघण्यासारखं आहे. जाड प्लेटांची सी-आकाराची फ्रेम, घसा इतका खोल की अख्खं मडगार्ड आत जाऊन फिरतं. थ्री फेज मोटर, पायाखाली पेडल, आणि वरचा हॅमर ट्रकच्या जुन्या पाट्याला, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीला, टांगलेला. हा पाटा काटकसर म्हणून लावलेला नाही. पत्रा ठोकणाऱ्या पुलमॅक्ससारख्या मशीनमध्ये ठोका ठरलेल्या उंचीपर्यंतच येतो. पत्रा जरा जाड लागला की मशीन कुरकुरतं, पातळ लागला की ठोका पोचतच नाही. पाट्यावरचा हॅमर मात्र लवतो. पत्रा कुठे जाड, कुठे पातळ असला तरी ठोका बसतो आणि फ्रेमला दणका कमी जातो. पेडल हलकं दाबलं की एकेक ठोका मोजता येतो, पूर्ण दाबलं की वेगळा ठोका ऐकूच येत नाही. धाकट्याने स्ट्रोकही, म्हणजे हॅमरची वरखाली होण्याची लांबी, कमीजास्त करता येईल असा एक्सेंट्रिक (मध्य सरकवलेली चकती) लावला आहे. फिनिशिंगला तो आखूड करतात.

आता डायबद्दल.

मी गेलो तेव्हा त्यांनी मडगार्डाकडे आधी बघितलंच नाही. म्हणाले, "काका, चाक आणा. हवा भरलेलं." चाक नेलं. मग जुन्या मडगार्डाचा जो भाग शाबूत होता, तिथून तीन ठिकाणी छेदाचं माप घेतलं आणि त्या मापाचे पातळ पत्र्याचे फर्मे, म्हणजे आकार ताडून बघायचे नमुने, कापले. इथेच मला माणसं पटली. तीनही फर्मे एकमेकांवर ठेवून त्यांनी दाखवलं की छेद एका गोलाईचा नाही. माथ्यावर मोठी त्रिज्या, १४० मिमीच्या आसपास, आणि खांद्याशी एकदम ३५. तयार मडगार्डं फसतात ती या बदलाच्या जागी.

त्यांच्याकडे आधीचे डाय रॅकभर होते. ताणायचे, आकसवायचे, सपाट करायचे. ताणायच्या डायची गंमत समजून घेण्यासारखी आहे. वरच्या डायला अरुंद, गोल पाठीची धार असते. पत्रा त्या धारेला काटकोनात पसरतो, धारेच्या दिशेने फारसा नाही. लोहाराला हे ठाऊक असतं. मडगार्ड लांबीत वाढवायचं असेल तर धार आडवी ठेवायची. ती उभी लावली तर पत्रा रुंदीत पसरतो, माथा फुगतो पण कमान येत नाही. आकसवायच्या डायला अंगठ्याच्या नखाएवढा उंचवटा असतो. कड आत सरकवली की तिथे चुणी पडते. पत्रा हळूहळू मागे ओढत आणला की डायचा सपाट भाग त्या चुणीला चेपतो, आणि वाढीव पत्रा लांबीत न जाता जाडीत जिरतो. चुणी उंच पडू दिली तर ती दुमडते आणि तो तुकडा भंगारात.

हे डाय कोणत्याही कामाला चालतात. माझ्या कामासाठी नवा लागला तो शेवटचा, फिनिशिंगचा खालचा डाय, ज्याच्या पाठीवर माझ्या मडगार्डाचा छेद आहे. आधी त्यांनी तो साध्या एमएसमध्ये, म्हणजे मऊ पोलादात, काढला. भंगार पत्र्याची पट्टी त्यावर घडवली, फर्मा लावला, तर खांद्याशी फर्मा टेकेना. पत्रा डायवरून उतरला की थोडा उलगडतो, म्हणून खांद्याची त्रिज्या ३५ ऐवजी ३२ करावी लागली. मग तोच छेद ईएन-३१ या कडक होणाऱ्या पोलादात व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, काढला, हार्डन करून आणला आणि हाताने पॉलिश केला. पॉलिशचं काम मी बराच वेळ उभं राहून बघितलं. खरखरीत कागदाच्या रेघा पुढचा बारीक कागद आडवा मारून पूर्ण गेल्याशिवाय मिस्त्री पुढे जात नव्हते. पॉवर हॅमरच्या डायवर राहिलेली एक रेघ पत्र्यावर हजार वेळा छापली जाते. डायच्या कडाही सगळीकडे गोलावलेल्या. शँक, म्हणजे डाय मशीनमध्ये बसतो तो दांडा, रॅकमधल्या बाकी डायसारखाच, त्यामुळे डाय बदलायला दोन बोल्ट पुरतात.

दोन नगांसाठी डाय हार्डन करायची खरंच गरज होती का? एमएसवरही मडगार्डं निघाली असती. मी तसं विचारलं. धाकटा म्हणाला, "निघतील, पण दुसऱ्या मडगार्डाच्या वेळी छेद पहिल्यासारखा राहील का, ते मी सांगू शकत नाही." पुढचं आणि मागचं मडगार्ड एकाच गाडीवर एकमेकांसमोर दिसणार असतात. मला उत्तर पटलं.

पत्रा त्यांनी १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमी, सीआरसीए, म्हणजे थंड लाटून मग तापवून मऊ केलेला, घेतला, ईडीडी प्रतीचा. खोल ओढकामाची ही प्रत साध्या पत्र्यापेक्षा थोडी महाग असते, पण इथे पैसे वाचवू नका. ठोक्यागणिक पत्रा कडक होत जातो. तांबट आळीत भांड्याला मठारतात तेव्हा भांडं कडक होतं ते याच कारणाने. तिथे ते हवं असतं, इथे अर्ध्या वाटेत पत्रा ताठरला तर कड फाटते.

मला मडगार्ड एकाच पत्र्यातून हवं होतं. मिस्त्रींनी नकार दिला आणि कागदावर समजावलं. जोड खांद्याच्या खाली, माथ्यापासून ४५ मिमीवर घेतला तर तिथली त्रिज्या २७५. म्हणजे लांबी ७२० आणि माथ्याशी फरक २३६ ऐवजी ११८ मिमी. खालची बाजू वेगळी. ती जवळजवळ सपाट असल्याने चंद्रकोरीसारखी थेट पत्र्यातून कापायची, तिला ताणणं-आकसवणं जवळपास नाहीच. माथ्याची पट्टी ७७० मिमीची घ्यायची, मध्ये ती नऊ टक्क्यांच्या आत ताणायची, कडेला साडेसहा टक्के आकसवायची. दोन्हीकडे पत्रा सोसवेल इतकंच मागायचं. जोड अगदी खांद्याच्या वळणावर न घेता खाली घेतला, कारण वळणावरचा वेल्ड नंतर ठोकून बसवणं फार कठीण जातं.

घडवताना मिस्त्री कडा घासून घेतल्याशिवाय पत्रा मशीनवर चढवू देत नाहीत. कातरलेल्या कडेवर राहिलेला बारीक खाचा म्हणजे फाटण्याची सुरुवात. माथ्यावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारलेल्या, प्रत्येक रेघेवर सारखे ठोके, मग कडेकडे, मग फर्मा, पुन्हा माथा. डोळ्याने बघून अंदाजाने पुढे जाणं नाहीच. घरी आणल्यावर मी माथ्यावर मायक्रोमीटर लावला. हिशेबाने १.१ मिमी यायला हवा आणि सगळीकडे त्याच्याच आसपास आला. हाताने घडवलेल्या मडगार्डात एखाद्या जागी पत्रा ०.८ वर उतरलेला मी पाहिला आहे. पुढे बफिंग करताना तिथेच भोक पडतं.

पहिलं मडगार्ड चाकावर ठेवलं तेव्हा त्यात हलका पीळ होता. पुढचं टोक डावीकडे बघत होतं. एका कडेला दुसऱ्या कडेपेक्षा जास्त आकसवलं गेलं की असं होतं. मिस्त्रींनी ते जोर लावून वळवलं नाही. कमी आकसलेली कड पुन्हा त्या नखाच्या डायखाली घातली, आठ-दहा चुण्या चेपल्या, आणि पीळ गेला. जोर लावून वळवलेला पत्रा वेल्डिंगच्या उष्णतेने पुन्हा उलटतो, म्हणून त्यांची पद्धतच बरोबर.

वेल्डिंग टिगने, म्हणजे विजेच्या ठिणगीने निष्क्रिय वायूच्या आडोशात. टिगचा वेल्ड गॅसच्या वेल्डपेक्षा कडक पडतो आणि ठोकायला वेळ घेतो, पण उष्णता कमी पसरते. वेल्ड घासून पातळ केला, मग माझ्या छेदाच्या डायवर, वर नायलॉनचा डाय लावून, आखूड स्ट्रोकवर सगळं मडगार्ड फिरवलं. इथे त्या डायचे पैसे वसूल झाले. नायलॉनमुळे वरून डाग पडत नाही आणि खालचा पॉलिश केलेला डाय पत्र्याला त्याचीच गोलाई देतो. जोड कुठे आहे ते मला उजेडात तिरपं धरूनही बाहेरून दिसलं नाही. आतून दिसतो, तसा दिसू द्या असं मीच सांगितलं. कडेची वळी तार भरून केली आहे आणि ती दोन्ही मडगार्डांना सारख्या जाडीची आहे.

रंगकाम करणाऱ्याने लांबीचा डबा उघडलाच नाही. प्रायमर, सर्फेसर, घासकाम, रंग. मूळ पत्र्यावर जशी एकसलग चकाकी फिरते तशी फिरली.

पैसे: डायचे अकरा हजार, दोन मडगार्डांच्या घडाईचे अठरा हजार, पत्रा आणि वेल्डिंग वेगळं. तयार जोडाच्या तुलनेत हे कितीतरी जास्त आहे. डायचे पैसे ऐकून बरेच लोक परत जातात, असं धाकटा म्हणाला. मी आयुष्यभर टूलिंगचे अंदाज काढले. स्टील, व्हीएमसीचे तास, हार्डनिंग आणि हाताचं पॉलिश धरता अकरा हजारात मला कुठेही फुगवटा दिसला नाही. डायचे पैसे वाचवायला "असाच ठोकून द्या" म्हणणार असाल, तर या गाळ्यात जाऊ नका. त्यांच्या हातून निघेल ते कामही मग चांगल्या डेंटरच्या कामाइतकंच होईल, आणि डेंटर स्वस्त पडेल.

तक्रारीही आहेत. सगळ्यात मोठी, ग्राइंडरची. पॉलिश केलेले डाय ज्या रॅकवर असतात, त्याच्या शेजारीच अँगल ग्राइंडर चालतो. एक कण डायवर चिकटला तर प्रत्येक ठोक्याला पत्र्यात खळगा. मिस्त्री ठोकण्याआधी डाय पुसून तेलाचा हात फिरवतात हे खरं, पण रॅकला साधं दार लावलं तर ही भीती उरणार नाही. मी हे दोघांना बोललो. दार लागलं का ते तुम्ही गेलात की बघा.

दुसरी, आवाज. ते दोघे कानाला मफ लावतात, आलेल्या गिऱ्हाइकासाठी काही ठेवलेलं नाही. आपले इअरप्लग घेऊन जा आणि लहान मुलांना नेऊ नका.

तिसरी, कागद. अंदाजपत्रक तोंडी देतात. मी मागितलं तेव्हा वहीच्या पानावर लिहून दिलं आणि शेवटचं बिल त्याबरहुकूमच आलं, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. वेळेचंही तसंच. सांगितलेल्या तारखेच्या पुढे काम बरंच लांबलं. फोन केला की खरं कारण सांगतात, हे मला तारीख पाळण्याच्या खालोखाल महत्त्वाचं वाटतं, पण लग्नसराईत किंवा एखाद्या रॅलीसाठी गाडी हवी असेल तर भरपूर आधी जा.

ते फक्त घडाई करतात. स्टेची, म्हणजे मडगार्ड धरणाऱ्या दांड्यांची, भोकं, नंबर प्लेटची जागा, बिजागरी असलं काही करत नाहीत. ती भोकं गाडीवर मडगार्ड बसवून, चाकाशी फट सारखी करून मगच मारा. आणि पत्रा कोरा देतात. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत कोऱ्या सीआरसीएवर एका रात्रीत तांबूस झाक येते. तेल लावलेला कागद गुंडाळून आणा, किंवा सरळ तिथून रंगवाल्याकडे न्या आणि त्याच दिवशी प्रायमर मारून घ्या.

डाय कोणाचा, यावरही आमचं बोलणं झालं. मोटार उद्योगात गिऱ्हाइकाने पैसे दिलेलं टूलिंग गिऱ्हाइकाचं असतं, पुरवठादाराने ते सांभाळायचं. इथे आधी तसा नियम नव्हता, डाय आपोआप गाळ्याचा व्हायचा. मी आग्रह धरला आणि त्यांनी मान्य केलं. माझ्या डायवर आता गाडीचं नाव आणि छेदाचा क्रमांक पंच केलेला आहे, फर्मेही त्याच्याच सोबत टांगलेले आहेत. तुम्हीही डाय करून घेतलात तर पंच मारून घ्या.

तो डाय मी घरी आणून करणार काय? रॅकवरच ठेवला आहे. ज्यांच्याकडे याच छेदाची जावा आहे, त्यांनी आधी फर्मा आपल्या मडगार्डावर लावून बघायला सांगा. जुळला तर माझ्या डायवर काम करायला माझी हरकत नाही, आणि डायचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नाहीत असं आमचं ठरलं आहे. सोबत हवा भरलेलं चाक न्या, जुनं मडगार्ड कितीही गंजलेलं असलं तरी न्या, आणि गुरुवारी जाऊ नका, भोसरीत त्या दिवशी सुट्टी असते.